शोभाबाईची पाटी

भांडण ऐकावं तर आमच्या उधन्यातल्या शोभाबाईचं. लूमचं काम सुटल्यापासून मी तिच्या दुकानाशेजारच्या बाकावरच बसतो. घरी टीव्ही आहे, पण त्यात एवढी मजा नाही.

बाई अमळनेरकडची, धंदा ताडपत्री सांधायचा. हीट गनने दोन्ही कापडं तापवायची, वरून रूळ दाबून फिरवायचा, की झाली एकजीव. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "जरा नीट लावा हं." बाईने त्याच्या ताडपत्रीची घडी करून त्याच्याच डोक्यावर ठेवली. "जाय, पाऊस येवाच्या आत घर गाठ!" बारडोलीचा माणूस होता, उसाचा ट्रक तसाच उघडा घेऊन गेला बिचारा.

नवरा गेल्यावर ती दिराच्या, धर्मेंद्रच्या दुकानात राबायची. हात हिचे, नाव त्याचं. एक दिवस कडाकडा भांडली, समोरच गाळा घेतला आणि ट्रकच्या जाड कापडावर पिवळ्या रंगाने स्वतःच लिहिलं, 'शोभाबाई ताडपत्रीवाली'. तेव्हापासून धर्मेंद्र येताजाता म्हणायचा, "वहिनी, पाटी लावणं सोपं. टिकली पाहिजे." ती पाटी उतरलेली बघायला तो कधीचा टपून बसला होता.

तर गेल्या हिवाळ्यात मगन आला. तापीकाठच्या एका शेठच्या फार्महाऊसवर बोट सांभाळणारा. बोट कसली, तर मागे दोरी धरून फळीवर उभ्या माणसाला पाण्यावरून ओढणारी. लाट मोठी उठावी म्हणून बोटीच्या पोटात पाण्याने भरलेल्या टाक्या ठेवतात, बोट जड करायला. टाकी म्हणजे जाड प्लास्टिकची गादीएवढी पिशवी. त्यातली एक गळत होती. बोट एका अंगाला कलायची आणि शेठ मगनवर डाफरायचा. नवी टाकी परदेशातून यायला महिने लागणार होते.

बाईने भोकावर झकास ठिगळ मारलं. दोन दिवसांत मगन परत. पिशवी धाडकन ओट्यावर टाकून म्हणाला, "शोभाबेन, आ शुं कर्युं? शेठ मला नदीत ढकलणार!"

"ढकलू दे, नदी तेवढी बाटेल. मना ठिगळ आपोआप नाही उखडत. तूच चाकू मारला असशील."

"मी? माझ्याच टांकीला?"

"तुले बोट चालवता येत नाही, मग खापर कुणावर तरी फोडायचं!"

मगनही काही कमी नव्हता. "तुमच्या जिभेला ठिगळ मारलं असतं तर ते टिकलं असतं!"

समोरून धर्मेंद्र हसला. तेवढं पुरलं. बाई ओट्यावरून उतरली. "सगळ्यांसमोर पाणी भरू. मना ठिगळ उखडलं तर ही पाटी मी मना हाताने उतरवते!"

धर्मेंद्रने पाण्याची नळी स्वतः आणून दिली. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्या मदतीला धावला होता.

बाईने नवं ठिगळ मारलं, गार होऊ दिलं, मग नळी सोडली. पिशवी फुगली. गल्ली गोळा झाली. आधी काहीच झालं नाही; बाई कमरेवर हात ठेवून मगनकडे बघत राहिली. मग ठिगळ तव्यावरच्या पुरणपोळीसारखं टम्म वर आलं, एक कड सुटली आणि पाण्याची चिळकांडी थेट माझ्या टोपीवर!

"हवे उतारो पाटियुं, उतरवा आता पाटी," मगन म्हणाला.

बाई वाकून त्या फुगवट्याकडेच बघत होती. तिच्या सगळ्या जन्माचं पाणी आभाळातून पडलेलं. ताडपत्रीचं ठिगळ वरून लावायचं, पाऊस त्याला आणखी दाबून बसवतो. हिने पिशवीलाही वरूनच लावलं. इथं तर पाणी आतून ढकलत होतं.

"निंबा नाना, स्टूल द्या," ती मला म्हणाली. मी दिलं. तिने खिळे उपटले, पाटी खाली आली. धर्मेंद्रने टाळी वाजवली. "चला, नाव पुसलं!"

बाईने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पिशवीची एक बाजू शिवणीवर कापली, उशीच्या खोळीसारखी ती उलटी केली. मग कात्री घेऊन पाटी कापली. एवढं जाड कापड दुकानात दुसरं नव्हतंच. 'शोभाबाई' एवढा तुकडा तिने कोऱ्या बाजूने पिशवीला आतून चिकटवला, पिशवी सुलटी केली, कापलेली कड दुहेरी दुमडून बंद केली.

"यात तुमचं नाव राहिलं ना," मगन पुटपुटला.

"राहू दे. तुना शेठ माझ्या नावावर बसून फिरू दे."

पुन्हा पाणी भरलं. पिशवी तट्ट फुगली. यावेळी माझी टोपी कोरडीच राहिली. नळी धर्मेंद्रच्या अंगावर फेकत बाई म्हणाली, "घ्या भावजी, तुमची नळी गळते तेवढी बघा."

मगन पिशवी खांद्यावर टाकून निघाला तेव्हा तिने हाक मारली. "मगन्या, चाकूचं बोलली ते मागं घेते. बाकी सगळं तसंच!"

"माझं पण तसंच!" तो न वळता ओरडला.

गाळ्यावर अजून खिळ्यांची नुसती भोकं आहेत. नवी पाटी लिहा म्हटलं की माझ्यावरच खेकसते, "मनी पाटी पाण्यात आहे, नाना. गळली तर दुसरी लावीन."