ताईसाठी नेलेली आंबील

वैशाखात वऱ्हाडात जाणारा माणूस एक तर लग्नाला निघालेला असतो, नाही तर त्याचं डोकं फिरलेलं असतं. मी निघालो होतो ताईसाठी. अमरावतीला राजापेठेत, वकिलांच्या घरी दिलेली माझी ही थोरली बहीण इतकी जड झाली होती, की चार पायऱ्या चढली तरी धापा टाकत बसायची. वजन उतरलं नाही तर हृदय फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

वाटेत अकोल्याला उतरलो. जवळच्या खेड्यात माझ्या मित्राची मावशी राहते. सकाळी तिनं आंबील (ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात आंबवून शिजवलेली पेज) पुढ्यात ठेवली. पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, दुसरा वाडगा मात्र मागून घेतला.

"हे पेलं का दुपारलोक (दुपारपर्यंत) भुकीचं नाव नाई," मावशी म्हणाली. "आमच्या घरात कोनी जाडं दिसते का तुमाले?"

खरंच कोणी दिसत नव्हतं. मला वाटलं, औषध सापडलं! आंबवलेलं पीठ फिरकीच्या तांब्यात भरून घेतलं.

बडनेऱ्याच्या गाडीत उकाड्यानं ते पीठ फसफसलं. फिरकी जरा सैल केली, तर निम्मं समोरच्या म्हाताऱ्याच्या पागोट्यावर.

"काहून जी, काय भरून आनलं बाप्पा याच्यात?"

"बहिणीचं औषध," मी म्हणालो. सगळा डबा हसला.

उरलेल्या पिठात नवं पीठ आणि ताक घालून ताईनं दुसऱ्या दिवशी हौसेनं पातेलंभर आंबील रांधली. घरच्यांनी जेमतेम चव पाहिली. भाऊजी म्हणाले, "महालक्ष्म्यांच्या नैवेद्याले ठीक आहे. रोज कोण पिऊन राहिलं हे?"

पुरुष जेवले, मुलं जेवली, कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार जेवले. शेवटी ताई बसली. आपलं जेवण झाल्यावर तिनं उरलेला भात घेतला, मग पोळ्या, मग वरणाचा तळ. आणि या सगळ्यावर पातेलंभर आंबील! ताई लहानपणीही कधी हावरी नव्हती.

"अगं, आंबील जेवणाऐवजी प्यायची, जेवणावर नाही."

"मग हे अन्न काय फेकून देऊ?"

"कमी रांध."

"आन कमी पडलं तर? बोल मलेच बसते न."

संध्याकाळी भाऊजींशी भांडलो. ते शांतपणे म्हणाले, "तिले कोणी जास्त खा म्हणते का?" तसं कोणी म्हणत नव्हतं हे खरंच होतं. कुणाला धरणार?

निघताना ताई दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. "पुढच्या बारीले जास्त आन," दम लागलेला असतानाही ती हसून म्हणाली. "माह्यासाठी म्हणून कोणी काही आनत नाही रे."

गाडीत मला रडू आवरेना. आंबिलीत गुण आहे, याबद्दल मला आजही शंका नाही. पण मी ती औषध म्हणून घेऊन गेलो, आणि तिनं संपवायच्या पातेल्यांत आणखी एकाची भर घालून आलो.