शेजारचं पाणी

शालूआक्का घर दाखवायला न्यायची आणि कडी वाजवायची ती शेजारच्या घराची. पहिल्यांदा मला वाटलं, बाईचं दार चुकलं. बघायचं घर डाव्या हाताला, त्याची किल्ली हिच्या कमरेला, आणि ही उजव्या हाताचं दार बडवतेय! दार उघडलं की ठरलेलं वाक्य, "बाई, तांब्याभर पाणी द्या की. ऊन लई हाय." ऐन थंडीतही ऊन लईच असायचं. मग स्वतः प्यायची, आम्हाला प्यायला लावायची, पदराने तोंड पुसायची आणि मगच कमरेची किल्ली काढायची. दोन-तीन घरं बघून झाली की आमची पोटं तुडुंब भरलेली.

"आक्का, आम्हाला घर घ्यायचंय, पाणपोई नाही," माझे यजमान एकदा वैतागून म्हणाले.

"घराचं काय घिऊन बसलासा? फरशी बदला, रंग बदला, मोरी हिकडची तिकडं न्या. शेजार बदलाय येतोय व्हय? आन् शेजार पाण्यात कळतोय."

आधीच सांगते, आक्का भोळीबिळी काही नव्हती. ऐन उमेदीत तिने म्हशी पाळल्या, दारोदार दूध घातलं. गुडघे बोलायला लागल्यावर म्हशी विकल्या आणि ज्या घरांना दूध घालत होती, तीच घरं विकायला लागली. हातात दोन मोबाइल, दातांना मिश्री आणि आवाज असा, की फोन नसता तरी पलीकडच्याला ऐकू गेलं असतं. कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखी 'मी आलो, मी गेलो' म्हणायची. आणि थापा? विचारू नका. ती 'हवेशीर' म्हणाली की खिडकी लागत नाही असं समजायचं. 'शांत वस्ती' म्हणाली की पलीकडे स्मशान आहे का ते बघून यायचं.

तरी मी तिला सोडलं नाही, त्याला कारण होतं. आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होतो, वरच्या मजल्यावर, मुलीला घेऊन. आई गेल्यावर माझे वडील, आबा, नेसरीला गावी एकटे होते. एकदा ते मोरीत पाय घसरून पडले आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. त्या दिवसापासून मी एकच धोशा लावला होता, तळमजल्याचं घर घ्यायचं आणि आबांना आणायचं. दुसऱ्यांदा पडले तर? हा विचार आला की हातातलं काम सुटायचं.

पण घर मिळायला हवं ना! आम्ही बौद्ध. एजंटांचा फोनवरचा पहिला प्रश्न आडनावाचा. आडनावावरून उमगलं नाही तर गाव, गावावरूनही नाही उमगलं तर गावात घर कुठल्या बाजूला. उमगलं, की ते घर नेमकं कालच गेलेलं असायचं. आक्काने मात्र एवढंच विचारलं होतं, "म्हातारं माणूस हाय म्हणतासा, मग जिना चालायचा न्हाई न्हवं?"

आबा निवृत्त शिक्षक. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. पण कुठेही निघाले की कापडी पिशवीत पाण्याची बाटली असायचीच. लहानपणी विहिरीपासून लांब उभं राहायचं, कुणी वरून ओंजळीत ओतेल तेव्हा प्यायचं, हे त्यांनी भोगलेलं. पुढे कुणी आदराने पेला पुढे केला तरी ते म्हणायचे, "आहे माझ्याजवळ." शहरात यायलाही ते राजी नव्हते. "इथं निदान कोण कसा आहे ते मला ठाऊक आहे. या वयात नव्या लोकांची पहिलीपासून उजळणी कोण करणार?"

फार विनवल्यावर एकदा आले. एका बऱ्या कॉलनीतलं घर होतं, पुढे अंगण, पेरूचं झाड. मला ते फोटोतच आवडलं होतं. आक्काने रिवाजाप्रमाणे शेजारची कडी वाजवली. बाई हसतमुख. कोण घेतंय, कुठले, सगळं गोड आवाजात विचारलं. मग आडनाव विचारलं. आबांनी वर्गात हजेरी द्यावी तसं स्वच्छ सांगितलं. बाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा आक्कासाठी तांब्या-भांडं होतं आणि आम्हाला कागदी कप. आत मांडणीवर स्टीलची भांडी नुसती लखलखत होती.

आक्काने तांब्याकडे बघितलं, कपांकडे बघितलं आणि स्वतःचं पाणी तुळशीत ओतलं. "हिला पाजतो. ही कुणाला आडनाव इचारत न्हाई." तांब्या पायरीवर आदळून ती निघालीच.

रस्त्यावर आल्यावर तिचा तोरा बघण्यासारखा होता. "बघितलासा? पाण्यात कळतंय म्हणालतो का न्हाई?"

आबा थांबले. "बाई, तुम्हाला आज कळलं. मला जन्मापासून माहीत आहे. तेच पुन्हा बघायला तुम्ही मला त्या दारात उभं केलंत."

संध्याकाळच्या एसटीने ते नेसरीला परत गेले. जाताना मला म्हणाले, "तुम्ही घर घ्या. सुखाने राहा. माझं नाव त्यात धरू नका." मी स्टँडवर उभी राहून रडले. आक्काचा असा राग आला होता, की तिचे फोन घेणंच बंद केलं.

तेव्हा ती घरी आली. उंबऱ्यातच बसली. दोन्ही मोबाइल बंद करून पदरात ठेवले. म्हणाली, "चुकलो ग मी. शेजार कसा हाय ते बघायच्या नादात, गुरुजींनी जन्मभर काय बघितलंय ते ध्येनातच आलं न्हाई. चल, नेसरीला जाऊ."

रविवारी गेलो. आबा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. आक्का खालच्या पायरीवर टेकली. "गुरुजी, पाणी द्या की. ऊन लई हाय."

आबांनी तांब्या आणून दिला. गावाकडच्या पद्धतीने वरून न ओतता तिने तो सरळ तोंडाला लावला आणि रिकामा केला. मग सांगू लागली. नवरा गेल्यावर ती शहरात एका खोलीत राहत होती. तापाने फणफणलेली, उठवत नव्हतं. "भिंतीपलीकडं भांड्यात पाणी पडल्यालं ऐकाय येत हुतं, गुरुजी. हाका मारल्या. कुणी तांब्या दिला न्हाई. तवापासनं ही खोड लागली."

आबा म्हणाले, "तुमचा ताप उतरला, बाई. आमचा उतरायचाय."

आक्काने तांब्या नीट पुसून खाली ठेवला. "खरं हाय. पर ह्या पोरीचा जीव तुमच्यात अडकलाय. एक घर बघा, एकच. ह्या टायमाला मी कडी वाजवणार न्हाई."

आबांनी पेपरची घडी घातली. म्हणाले, "बघू. पण बाटली घेऊन येईन."

ते घर रंकाळा तलावाच्या पलीकडे एका अरुंद गल्लीत होतं. फोटोत अजिबात आवडलं नव्हतं. सकाळची वेळ. आक्काने शब्द पाळला, इकडेतिकडे न बघता थेट कुलपाला हात घातला. तेवढ्यात शेजारून हाक आली. नुकताच नळ आलेला, आणि एक जाडजूड काकी घागरी-कळशांच्या गराड्यात उभ्या.

"ओ पावणं! हात मोकळं हायत न्हवं? येवढी घागर आत ठेवा की. पाणी जाईल आता!"

हाक आबांना होती. आबा जागचे हलेनात. मग एकदाचा सोक्षमोक्ष लावावा तसं म्हणाले, "बाई, आम्ही बौद्ध आहोत."

काकींनी दुसरी घागर नळाखाली सरकवली. "बरं, मग? त्येनं काय घागर जड हुतीया व्हय? सैपाकघरात पाटावर ठेवा. उंबऱ्यात जपून, ठेच लागंल."

आबांनी पिशवी माझ्या हातात दिली, बाटलीसकट. घागर उचलून खांद्यावर घेतली आणि दुसऱ्याच्या घरचं पिण्याचं पाणी घेऊन ते त्या घरात शिरले. बाहेर यायला त्यांना जरा वेळच लागला. सदरा भिजला होता. आई गेल्यानंतर मी आबांच्या डोळ्यांत पाणी पहिल्यांदा बघितलं, आणि माझाही बांध फुटला.

"घरात ओल आहे का तेवढं बघून घ्या," आबा म्हणाले. "मी राहीन इथं."

आक्का नाक ओढत होती. तशीच म्हणाली, "ओल हाय गुरुजी. न्हाणीच्या भिंतीला. म्हटलं आधीच सांगावं." थाप न मारता तिने विकलेलं हे बहुधा एकमेव घर.

तिथे आम्ही रुजलो. आबा गल्लीतल्या पोरांचे गुरुजी झाले. नळ आला की काकी भिंतीवरून ओरडायच्या, "गुरुजी, पाणी!" आणि आबा पायजमा खोचून हजर. आक्का या वाटेने आली की कडी वाजवायचीच, आणि आमच्या मागच्या बाजूचं एक घर तर तिने आमच्या पाण्यावर विकलं. गिऱ्हाइकाला म्हणाली, "गुरुजींच्या हातचं प्या आन् डोळं झाकून घर घ्या."

गेल्या वर्षी आक्का गेली. दुपारी जेवून जरा पडली, ती उठलीच नाही. आबा काठी टेकत मातीला गेले.

परवा आमच्या डाव्या बाजूचं घर विकायला निघालं. एक नवाच एजंट तरुण जोडप्याला घेऊन आला होता. पोरीच्या कडेवर तान्हं बाळ. एजंट मोबाइलवर बोलण्यात गुंग, ती दोघं फाटकाशी अवघडून उभी. आबा खिडकीतून बघत होते, दाराकडे कान लावून. कडी काही वाजली नाही. मग ते उठले, तांब्या भरला, वर भांडं उपडं घातलं आणि चप्पल न घालताच बाहेर गेले.

"पावणं, पाणी घ्या," आबा म्हणाले. "ऊन लई हाय."

बाहेर चांगलीच थंडी होती. त्या पोरीने आबांकडे बघितलं, बाळ नवऱ्याकडे दिलं आणि तांब्या हातात घेतला.