दुखत होती ती दाढ नव्हती

माझे पती सकाळी वारले. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर दफन झालं. दुसऱ्या दिवशी मला डाव्या बाजूने घास चावता येईना.

पुढे नांदेडच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या जबड्याचा एक्स-रे पडद्यावर लावला आणि म्हणाले, "मॅडम, डावीकडच्या चार दाढांना रूट कॅनॉल लागेल. वर कॅप बसवू." रूट कॅनॉल म्हणजे दाढेतली नस काढून ती पोकळी भरून घेणं. दाढ जागेवर राहते, पण तिच्यात जीव राहत नाही.

मी तेव्हा इद्दतीत होते. पती गेल्यावर आमच्यात बाईने काही महिने घरातच राहायचं असतं. इलाजासाठी बाहेर पडायची मुभा असते. मराठी शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. शब्दाचा अर्थ काटेकोर लावायची सवय. या मुभेचा अर्थही मी तसाच लावला. दाढ उघडून घ्यायला जाणं हा इलाज. दुसऱ्या डॉक्टरला नुसतं विचारायला जाणं म्हणजे हिंडणं. म्हणून कुणाला विचारलं नाही. पहिल्या दाढेची नस काढून झाली.

दुखणं तसूभर हललं नाही. "मग शेजारची असेल," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या खेपेला ती उघडू."

त्याच आठवड्यात लातूरहून धाकटी नणंद रझिया आली. तिचा भाऊ गेला होता, पण तिने आधी माझं ताट बघितलं. मी भाकरी वरणात भिजवून गिळत होते.

"दुसऱ्या कुणाला दाखवलं का न्हाई, भाभी?"

मी इद्दतीचं सांगितलं. ती बघतच राहिली.

"दाढ तुमची हाय का त्या डॉक्टरची? अन् विचारणं इलाज न्हाई तर काय बाजार हाय? सारी जिंदगी लेकरांना सांगितलं, हात वर करा, विचारा. आता तुमचा हात कुठं गेला?"

किती दिवसांनी मला हसू आलं. हसतानाही जबडा दुखला.

मुक्काम घराबाहेर करायचा नव्हता, म्हणून सकाळीच गाडी करून लातूरला निघालो. अहमदपूरला चहा घेतला. रझिया वाटभर भावाच्या लहानपणच्या खोड्या सांगत होती. मी पदर तोंडाशी धरून ऐकत होते.

लातूरच्या दवाखान्यात बाकावर बरंच थांबावं लागलं. डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या. मी एक्स-रे पुढे केला. "तो बघते नंतर. आधी तुम्हाला बघू द्या," त्या म्हणाल्या. गार केलेला कापूस त्यांनी एकेका दाढेला लावला. नस काढलेल्या दाढेला काहीच कळलं नाही. बाकीच्या तिन्हींना गारवा लागला आणि लगेच ओसरला. "या जिवंत आहेत आणि चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या गालात बोट दाबलं आणि मी ओरडले. माझं रोजचं दुखणं तेच होतं. दाबला गाल, आणि कळ आली दाढेत.

"झोपेत दात खाता का? मिस्टर काही म्हणतात?"

मी म्हटलं, "ते नाहीत आता."

डॉक्टरांनी हातातलं खाली ठेवलं. मग रझियाच म्हणाली, "डॉक्टर, झोपेतलं म्हाईत न्हाई, पण दिवसा ह्यांच्या दातात सारखा पदर असतो. मानसं भेटायला येत्यात ना, रडू ऐकू जाऊ नये म्हणून चावून धरत्यात."

ते मला माहीतच नव्हतं.

या आजाराला ब्रुक्सिझम म्हणतात, म्हणजे नकळत दात आवळणं किंवा घासणं. त्याने गालाचा स्नायू थकतो आणि ते दुखणं दाढेत जाणवतं. डॉक्टरांनी एकही दाढ उघडली नाही. दातांच्या मापाचं पारदर्शक कवच दिलं, झोपताना घालायला. त्याला नाइट गार्ड म्हणतात. गाल शेकायला सांगितला. म्हणाल्या, "ओठ मिटलेले, दात सुटे. दाताला दात फक्त घास चावताना लागू द्यायचा. आणि बाई, रडायचं असेल तर तोंड उघडून रडा."

जाताना रझियाने विचारलं, "मग नांदेडवाल्यानं फसवलं का?" डॉक्टर म्हणाल्या, "ते मला कसं कळणार? त्यांनी फोटो बघितला असेल, गालाला हात लावायचा राहिला असेल." तो दोष मीही शोधत बसले नाही.

परतीच्या वाटेवर मी मोठ्याने रडले. रझियाही रडली. ड्रायव्हरने गाडीची काच वर केली.

दुखणं हळूहळू उतरलं. तुमच्यापैकी कुणाला एकदम तीन-चार दाढांचं रूट कॅनॉल सांगितलं असेल, तर गार लावून बघितलं का, एवढं नक्की विचारा. आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जायला संकोच करू नका. मला रझिया भेटली, त्या डॉक्टर भेटल्या. दोघींचे उपकार मी विसरणार नाही.

आता डावीकडे एक दाढ निर्जीव आहे आणि तीन जिवंत आहेत. मी दोन्ही बाजूंनी चावून जेवते. एकटी जेवते.