खंडेनवमीची बाटली

मनीषा पगारे नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात उंदीर सांभाळायची आणि त्यांच्या पेशी तपासायची. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची सून डॉक्टरच आहे, पण उंदरांची."

शरीराची संरक्षक पेशी चालून आली, की कर्करोगाच्या गाठीतली पेशी तिला एक प्रथिन दाखवते. नाकाबंदीवर एखाद्याने आमदाराचं कार्ड दाखवावं तसं. हवालदार सलाम ठोकून गाडी सोडतो. हे कार्ड डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यालाच नेमकी चिकटणारी, चमकता रंग लावलेली अँटिबॉडी मनीषा पेशींवर टाकायची आणि यंत्र ती चमक टिपायचं.

एका झाडपाल्याच्या अर्काने हे कार्ड पुसलं जातं, असं प्रकल्प चालवणाऱ्या सरांनी मनाशी धरलं होतं. निकाल चांगला आला तर प्रकल्प वाढणार होता, आणि त्याच्याबरोबर मनीषाची कंत्राटी नोकरी.

निकाल जरा जास्तच चांगला आला. अर्क पाजलेल्या उंदरांच्या पेशींवर चमकच नाही. सरांनी पेढे मागवले. पेढा हातात असतानाच मनीषाने पुढचा आलेख पाहिला. अर्काचा थेंबही न मिळालेल्या उंदरांच्या पेशी तितक्याच अंधारात होत्या. म्हणजे कार्ड जागेवर होतं, ते दाखवणारा दिवाच विझला होता.

ती शिपाई झुंबरमामांकडे गेली. "मामा, दसऱ्याला मी सुट्टीवर होते, तेव्हा लॅबचा फ्रीज कुणी उघडला?"

"म्या. खंडेनवमी नव्हती का? फ्रीज बंद केला, धुतला, हळदकुंकू वाह्यलं, हार घातला. लख्ख झालाय का नाय?"

"आणि बाटल्या?"

"त्या काय बाहेर ठिवीन व्हय? मोठ्या फ्रीजरात ठिवल्या, बर्फात. लय जपून. सांजच्याला पुन्हा जागच्या जागी."

मामा चांदवडचे. कांदा सोडला तर जगातली प्रत्येक वस्तू थंडीत टिकते, यावर त्यांची श्रद्धा. अँटिबॉडीच्या बाटलीला गारवा लागतो खरा, पण ती गोठली की तिची चमक मरते, आणि विरघळल्यावर दिसते मात्र तशीच्या तशी. मामा शाबासकीची वाट बघत उभे होते.

"छान धुतलात," मनीषा म्हणाली.

तिने जाऊन सरांना खरं सांगितलं. सरांचा अर्धा पेढा बशीत परत गेला. उंदीर तर मारून झालेले, म्हणजे पुन्हा तपासायची सोय नाही.

"गोठवली कुणी?"

निवृत्तीला टेकलेल्या मामांचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. निघालं भलतंच. "फ्रीज माझ्याच ताब्यात असतो, सर."

यात मोठेपणा वगैरे काही नव्हता. घरी जाताना सिटी बसमध्ये ती स्वतःला इतकं पुटपुटत कोसत होती, की शेजारच्या बाईने जागा बदलली.

प्रकल्प गुंडाळला गेला. सरांना दुसरा मिळाला; त्यात मनीषा नव्हती. बाटली पगारेबाईंनी घालवली, हे तोवर कॅन्टीनवाल्यालाही पाठ झालं होतं.

शेवटच्या दिवशी मामा तिची पिशवी घेऊन गेटपर्यंत आले.

"ताई, राग नका मानू," ते हळूच म्हणाले, "पर बाटल्या जरा जपाया पाह्यजे व्हत्या. मला सांगायचं, म्या ठिवल्या असत्या."

"चुकलंच, मामा," मनीषा म्हणाली, आणि तिने रिक्षाला हात केला.