रांगेतला चीन
मोहरीचं तेल तापल्याचा वास आला की जयपूरच्या छावणीतली आमची खोली आठवते. एका खोलीत आम्ही सहा जण. वडील फौजेच्या लंगरात स्वयंपाकी. चीनच्या लढाईत बर्फानं त्यांच्या पायाची दोन बोटं गेलेली. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत माझ्या वाट्याला नेमकी हीच बाजू आली, चीनला जागतिक व्यापार करारात घ्यावं. घरी भीतभीतच सांगितलं. पुऱ्या तळता तळता ते म्हणाले, "घ्या की! दांडग्याला लंगराबाहेर ठेवलं तर तो भांडी पळवतो. हातात ताट देऊन रांगेत उभा केला, की त्यालाही रांगेचाच नियम." "आणि तुमची बोटं, बाबा?" "ती काय रुसून बसल्यानं परत येणारेत, पोरी?" मी स्टेजवर तेच बोलले आणि पहिली आले. आज मी अर्थशास्त्र शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी.