कोंडाबाईचं जुनेर

हैदराबादेत, अंबरपेठेत मुसी नदीच्या अंगाला जी वस्ती होती, तिथं कोंडाबाईचं घर विचारलं तर शेंबडं पोरगंसुद्धा हात धरून नेऊन सोडायचं. पण नावानं विचारायचं नाही. तेलुगू बायका तिला बोंतम्मा म्हणायच्या, मुसलमान बाया गुदडीवाली खाला म्हणायच्या आणि आपली माणसं वाकळवाली म्हणायची. तिन्हींचा अर्थ एकच. जुन्या कपड्यांचं पांघरूण शिवणारी बाई.

आणि काय शिवायची हो! आजकाल लोक त्याला कला म्हणतात, भिंतीवर टांगतात. कोंडाबाईच्या काळात ते अंगावर घ्यायचं असायचं आणि घेतलं की झोप लागायची. वापरून विरलेलं लुगडं, ज्याला जुनेर म्हणतात, ते ती आधी उन्हात टाकायची, मग हातात घेऊन चुरगाळून बघायची. फाटायला आलेलं बाजूला, तग धरणारं आत. नवाबांच्या ड्योढ्या, म्हणजे वाडे, रिकामे व्हायला लागले तेव्हा त्यांच्यातलं मशरू, हिमरू असलं रेशमी कापड गाठोड्यांनी रस्त्यावर आलं, त्याचे तुकडे ती वरच्या थराला लावायची. टाका बाहेरच्या काठापासून सुरू करायचा आणि फेऱ्या घालत घालत मध्यावर यायचं, ही तिची रीत. मध्याचं ठिगळ सगळ्यात शेवटी.

कापड यायचं कुठून? ते सांगायला जीभ उचलत नाही, पण सांगतो. नवरा नागोराव रेल्वेच्या रुळांवर कामाला होता, तो कंधारकडच्या गावातून तिला इकडं घेऊन आला आणि दोन लेकरं पदरात टाकून लवकरच गेला. मग कोंडाबाई नल्लकुंट्यात एका मराठी वकिलाच्या घरी परसदार झाडायला जाऊ लागली. वकिलीणबाई, पद्मावतीबाई, सणासुदीला जुनी लुगडी द्यायच्या. द्यायच्या म्हणजे पायरीवर उभं राहून वरून टाकायच्या, आणि कोंडाबाईनं खाली पदर पसरायचा. हात लागायला नको ना. बाई वाईट नव्हती, असं कोंडाबाई शेवटपर्यंत म्हणायची. नसेल. आपल्याला काय माहीत.

थोरला देवराव त्याच जुनेरात वाढला. मिडल शाळेत गेला तेव्हा वकिलाच्या पोराचा कोट कोंडाबाईनं उसवून, छाटून, त्याच्या मापाचा केला. इतका बेतशीर केला की तिलाच कौतुक वाटलं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी वकिलाच्या पोरानं भर वर्गात तो ओळखला. हा माझा कोट, म्हणाला, काढ. मास्तर हसले. देवरावानं कोट काढला. आत सदरा नव्हता. उघड्या अंगानं तो दिवसभर वर्गात बसला आणि घरी येऊन आईला एक शब्द बोलला नाही. तिला हे कळलं ते शेजारच्या पोरांकडून. ती तेव्हा खूप रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नल्लकुंट्याला झाडायला गेली. दुसरं करणार काय होती?

धाकटी भामा. नऊ वर्षांची असताना मुदतीच्या तापानं गेली. उस्मानिया दवाखान्यात न्यावं की नाही ह्या विचारात दोन दिवस गेले आणि मग विचार करायचं कारण उरलं नाही. तिचा एक परकर होता, पोलकं होतं. कोंडाबाईनं ते धुतलं आणि एक वाकळ शिवायला घेतली. ही विकायची नव्हती. तिच्यात नागोरावाचं धोतर घातलं, स्वतःचं लग्नातलं लुगडं घातलं, पोलक्याची पट्टी केली आणि मध्यावर परकर. लोकांच्या वाकळी ती दहा दिवसांत हातावेगळ्या करायची. हिला वर्षं लागली. झाल्यावर कधी अंथरली नाही, पांघरली नाही. पेटीच्या तळाशी ठेवली. कधी एकटी असली की झाकण उघडून वरून हात फिरवायची. तिच्या लेखी भामा त्या पेटीत होती. वेडेपणा म्हणा हवं तर.

देवराव शिकला. रात्रीच्या शाळा केल्या, सरकारी दफ्तरात चपराशी लागला, मग कारकून झाला. सत्यवती नावाची गुणी बायको मिळाली. छप्पन सालच्या दसऱ्याला तो नागपूरला निघाला. का निघाला हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. लाखो निघाले होते. आईला म्हणाला, पांढरा सदरा लागेल, नव्या कापडाचा शिव. लठ्ठ्याला पैसे दिले.

इथं कोंडाबाईनं चूक केली. आता चूक म्हणायची की काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा. ती दुकानात गेली, लठ्ठा हातात घेऊन बघितला. खळ लावलेलं राठ कापड. प्रवास दूरचा, गर्दीचा, लेकाच्या मानेला घासणार. आणि घरात वकिलाचं एक धोतर पडून होतं, दुधासारखं पांढरं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. जन्मभर जिनं जुन्याचं नवं केलं, तिला त्यात वावगं काही दिसलंच नाही. तिनं धोतराचा काठ खालच्या शिवणीत दुमडून घेतला आणि असा सदरा शिवला की शिंप्यानं तोंडात बोट घालावं. पैशांचं तूपगूळ आणून लेकाला वाटेत खायला दशम्या करून दिल्या.

देवराव परत आला तो दुसराच माणूस होऊन आला. ताठ चालायला लागला. देव्हारा उचलून मुसीत सोडला; त्याचं कोंडाबाईला फारसं काही वाटलं नाही, देवांनी तिचं काय भलं केलं होतं? मग त्यानं सांगितलं, आजपासून लोकांनी अंगावरून उतरवलेलं कापड ह्या घरात येणार नाही. चिंध्यांची गाठोडी त्यानं स्वतः मागं नेऊन जाळली. बोलताना त्याचा आवाज चढला नव्हता. कोंडाबाईला तो वर्गातला उघडा पोरगा आठवला. तिनं नल्लकुंट्याचं काम सोडलं. पेटीच्या तळाशी काय आहे ते मात्र तिनं सांगितलं नाही.

आणि सदऱ्याचं सांगायचं तर आता कुठल्या तोंडानं सांगणार? देवराव तो सदरा स्वतःच्या हातानं धुवायचा, घडी घालून कागदात गुंडाळायचा. डिसेंबरात बाबासाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा त्यानं तो अंगात घातला आणि दिवसभर अन्नपाण्याशिवाय भिंतीला टेकून बसून राहिला. कोंडाबाई चुलीपुढून त्याच्याकडे बघत होती. मेले तरी हे ओठावर येऊ द्यायचं नाही, असं तिनं त्या दिवशी मनाशी पक्कं केलं.

तोवर हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झालेच होते. तेलुगू मुलूख आंध्रात, कानडी मैसुरात, मराठी मुंबई राज्यात. दफ्तरातली माणसंही वाटली गेली. देवरावाच्या वाट्याला औरंगाबाद आलं. त्याला आनंद झाला; नव्या गावात आपल्याला कोण म्हणून कुणी ओळखणार नाही, असं तो सत्यवतीला म्हणाला. सत्यवतीला दिवस गेले होते. कोंडाबाईला हैदराबाद सोडायचं जिवावर आलं होतं, पण लेक नेतो म्हणतो, नातवंडाचं तोंड बघायला मिळणार, मग आणखी काय हवं? तिनं भांडी बांधायला घेतली. तिला एकच घोर होता, पेटीतली वाकळ कशी न्यायची.

निघायच्या आदल्या दिवशी देवरावानं पेटी उचलली, जड लागली म्हणून उघडली. वाकळ बाहेर काढून त्यानं ती उलटसुलट बघितली.

"माय, ही इथंच राहू दे," तो म्हणाला.

"ती भामाची हाय."

तो थांबला. बहिणीचं नाव घरात फार दिवसांनी निघालं होतं. खाली बसला, परकराच्या ठिगळावर हात ठेवला. मग मऊ आवाजात म्हणाला की भामाचं तेवढं उसवून घे, बाबांचं घे, तुझं घे. जे आपलं आहे ते सगळं बरोबर घेऊ. लोकांचं तेवढं सोड. त्याच्या मते त्यानं मोठी तडजोड केली होती, आणि केलीच होती.

कोंडाबाई सुई घेऊन उजेडाला बसली. उसवायला टाका धरला आणि हात थबकला. परकर पद्मावतीबाईंच्या इरकली लुगड्याचा होता. पोलकं ड्योढीतल्या मशरूचं. नागोरावाचं धोतर त्याच्या साहेबानं दिलेलं. आणि तिचं लग्नातलं लुगडं गावच्या पाटलिणीचं, एकदा बाळंतपणात नेसलेलं. एकेक ठिगळ ती चाचपत गेली. दिवस कलला तरी तिनं एकही टाका उसवला नव्हता. शेवटी वाकळ उचलून तिनं देवरावाच्या पुढं अंथरली.

"तूच दाखव," ती म्हणाली. "ह्यात आपलं कोणतं?"

देवरावानं एकेका ठिगळावर बोट ठेवलं, एकेक ओळखलं.

"काहीच नाही," तो म्हणाला. "म्हणूनच नको म्हणतो, माय."

काय चुकीचं बोलला? काही नाही. पण कोंडाबाईच्या कानांत एवढंच शिरलं की हा भामाला इथं टाकून चालला. लेकीला दवाखान्यात नेलं नाही, आता मेल्यावरही नेणार नाही. तिचा तोल गेला. महिनेच्या महिने दाताखाली धरून ठेवलेलं बाहेर पडलं.

"मग तुझा सदरा बी टाक," ती म्हणाली. "वकिलाच्या धोतराचा हाय त्यो. म्याच शिवला."

सत्यवती ताटं मांडत होती, ती जागच्या जागी उभी राहिली. देवराव उठला, कागदाची घडी उघडली, सदरा घेऊन दाराच्या उजेडात गेला. खालची शिवण नखानं उसवली. आत दुमडलेला बारीक काळा काठ निघाला. कोंडाबाई तोवर भानावर आली होती. ती त्याच्या पायाशी जाऊन बसली, लेकरा, लठ्ठा राठ होता रे, तुझी मान सोलली असती, असं पुन्हा पुन्हा सांगू लागली. ते खरंच होतं. पण खरं असून काय करता, ऐकणाऱ्याला ते आता ऐकू येत नव्हतं.

त्यानं सदऱ्याची नीट घडी घातली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"हा बी लाव त्यात," म्हणाला, आणि बाहेर निघून गेला.

सकाळी दारात टांगा आला. सामान चढलं. कोंडाबाईचं गाठोडं ओट्यावर तसंच राहिलं. सत्यवती आत आली, पाया पडली आणि मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई, त्यांनी कालच तिकिटं काढलीत. दोनच." ती बिचारी रडत होती. बाळंतपणाला याल ना, असंही तिनं विचारलं. त्यानं बोलावलं तर येईन, कोंडाबाई म्हणाली. देवराव टांग्यात पुढं बसला होता, त्याची पाठ तेवढी दिसत होती. टांगा काचीगुडा स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत ती पाठ वळली नाही.

त्यानं तिला वाऱ्यावर सोडलं असं मात्र कुणी म्हणू नये. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर यायची. कुपनावर एक अक्षर नसायचं. वाकळ आता तिच्याजवळच होती, उघड्यावर अंथरली तरी कुणी नको म्हणणारं नव्हतं. तिनं ती पेटीतच ठेवली. सदराही तिथंच. त्याला सुई लावायचं तिनं कधी मनातही आणलं नाही. बायका कापड घेऊन यायच्या, त्यांना ती डोळ्यांचं निमित्त सांगून परत पाठवायची. डोळ्यांना काही झालं नव्हतं.

उन्हाळा सरता सरता औरंगाबादेहून उत्तमराव आला. देवरावाच्याच दफ्तरातला, ह्याच वस्तीतला, मागं राहिलेलं बिऱ्हाड न्यायला आला होता. कोंडाबाई दारातच त्याला भेटली. सत्यवती सुखरूप बाळंतीण झाली, त्यानं सांगितलं. मुलगी. देवराव पोरीला खाली ठेवत नाही. नाव भामा ठेवलंय. मेलेल्या पोरीचं नाव नको म्हणून सत्यवतीच्या माहेरच्यांनी खूप समजावलं, पण त्यानं कुणाचं ऐकलं नाही.

कोंडाबाई उंबऱ्यातच खाली बसली. भामाला मागं टाकून तो चालला, म्हणून तिनं लेकाचं काळीज फाडलं होतं. आणि तो तर भामाला घेऊनच गेला होता. मेलेलं लेकरू राखायला गेली आणि जितं घालवून बसली, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. आता कळून काय उपयोग! उत्तमराव घाबरला, पाणी आणू का म्हणाला. तिनं हातानंच नको म्हटलं.

"बोलावणं धाडलंय का?" तिनं विचारलं.

उत्तमरावानं मान खाली घातली. मग तिनंच विषय बदलला आणि पोरीच्या अंगावर काय घालतात म्हणून विचारलं.

"नवं," उत्तमराव म्हणाला. "सगळं दुकानातलं. देवराव स्वतः ताग्यातून कापून आणतो."

"चांगलं करतो," कोंडाबाई म्हणाली. मग भिंतीचा आधार घेऊन उठली आणि त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवायला आत गेली.