स्क्रीनवरची माणसं

बसवनगुडीतली तुंगाबाईंची खोली म्हणजे एक टेबल, एक बाकडं आणि म्हातारा झालेला संगणक. सरकारी अर्जाची भाषा ज्यांना झेपत नाही त्यांचे अर्ज त्या भरून देतात, वेळ पडली तर कचेरीत जाऊन भांडतातही. शिस्त एकच. ज्याचं काम अडलंय त्याची फाइल त्याच्या नावानं समोर स्क्रीनवर. पोच आली की त्या माणसानं स्वतःच्या हातानं ती तिथून काढायची.

संगणक रखडायला लागला तेव्हा भाची रक्षितानं त्यावरची जुनी प्रणाली काढून लिनक्स घातलं. स्क्रीनवर एक निळा डोंगर, बाकी सगळं साफ.

"पसारा एका फोल्डरमधे टाकलाय, आत्या. यात फाइली समोर ठेवतच नाहीत."

"पसारा कुणाला म्हणतेस? माणसं आहेत ती."

पण भाचीपुढे अडाणी ठरायला नको, म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. मशीन धावत होतं हेही खरं. आठवडाभरात बटणं हाताला सापडली, अक्षर मोठं करून झालं, डोंगरसुद्धा आवडायला लागला.

गुरुवारी फूलवाला शिवाप्पा आला. "अक्का, माझ्या कार्डाचं काय?"

फेरीवाल्याचं कार्ड नवं झालं नाही तर त्याची फुटपाथवरची जागा जाणार, आणि मुदत आज संध्याकाळपर्यंतच. फाइल फोल्डरमधे तशीच पडलेली. दृष्टीआड सृष्टी.

'मशीन बदललं ना' हे अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"विसरले मी. बैस तिथे."

"कचेरीवाले विसरले की तुम्ही शिव्या घालता, अक्का."

"मग आज मला घाल."

चारला अर्ज गेला, पोच आली. लगेच रक्षिताला फोन.

"फाइली पुन्हा समोर दिसायला एक जोड मिळते, एक्स्टेन्शन, आत्या. रविवारी येऊन बसवते."

"तू सांग, मी बसवते."

दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा एकेक नाव वर आलं आणि डोंगर झाकला गेला.

"शिवाप्पा, काढ तुझं नाव."

त्यानं ओला हात शर्टाला पुसला, माउस धरला, सोडून दिला. "स्वल्प राहू दे, अक्का. कार्ड हातात पडेपर्यंत."

इतकी वर्षं पोच आली की काम झालं, असंच त्या धरून चालल्या होत्या.

"सरी, राहू दे," त्या म्हणाल्या. आणि आजवर काढून टाकलेल्या नावांपैकी कुणाकुणाच्या हातात खरंच काही पडलं, ते आठवत बसल्या.